डिझेलच्या यादीतलं पहिलं नाव

मंगळवार, ८ नोव्हेंबर

"डिझेल आहे का?" — आज अकरा जणांनी विचारलं. अकराही जणांना एकच उत्तर दिलं. नाही. पेट्रोलच्या सात गाड्या उभ्या आहेत, हवी तर आजच्या आज घेऊन जा. मग ते काचेतून त्या सात पांढऱ्या पिकअपकडे बघतात, टोपी काढून परत डोक्यावर घालतात आणि निघतात. बिलिंग्ज शहरातल्या शोरूमला विचारून बघतो म्हणतात. बघा. तिथेही नाहीत.

ऑरिनला या अकरांत धरलं नाही. तो दर मंगळवारी येतो. घोड्यांचं खाद्य घ्यायला गावात उतरतो आणि परत जाताना इथे थांबतो. मे महिन्यात त्याने ऑर्डर दिली — एक टनी पिकअप, मागे जोडचाकं, डिझेल इंजिन. कंपनी आम्हाला चार पेट्रोलच्या गाड्यांमागे एक डिझेलची देते, आणि तीही कधी देईल ते सांगत नाही. डिझेलच्या यादीत तेवीस नावं आहेत, पहिलं ऑरिनचं. यादी माझ्याकडे असते. बावीस वर्षं ऑर्डरचं टेबल मीच सांभाळते आहे.

"आली का?"

"नाही आली."

"बरं. कॉफी तरी आलीय का?"

असं म्हणून समोरच्या खुर्चीत बसतो. वीस मिनिटं. आज पंचवीस.

घरी आले तर आईचा रेडिओ सकाळपासून चालूच राहिला होता. दार उघडताना आतून माणसाचा आवाज आला आणि काळजात धस्स झालं — मग कळलं, गुरांचे भाव सांगत होता. आई गेल्याला तीन महिने होतील उद्या.

बुधवार, ९ नोव्हेंबर

आज कुणी बसलं नाही.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

वेंडेल आमचा मॅनेजर. मालकाचा जावई, वय अडतीस, बूट कायम कोरे. त्याला त्या पांढऱ्या गाड्या डोळ्यासमोर नको झाल्यात. आज त्याने ऑरिनला गाठलंच.

"अहो, पेट्रोलची घ्या ना. थंडीत पटकन चालू होते, रात्री इंजिनच्या हीटरची वायर लावायला नको, धूर साफ करायचं ते युरियाचं पाणी भरायला नको. इंजिनही हल्ली किती ताकदीची येतात. चढाला मागे पडणार नाही."

ऑरिन कॉफी हलवत राहिला. मग म्हणाला, "चढायचं मला भय नाही हो. चढताना हळू चढेल, एवढंच ना. मागचे लोक शिव्या देतील. उतरताना काय? मागे ट्रेलरमध्ये चार घोडी. पाच टन मागून ढकलत असतात. डिझेलचं इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं. तुमचं पेट्रोलवालं ओरडतं फार, धरत नाही."

वेंडेल हसला. "पण इथे घाट आहे कुठे? सगळी सपाटी तर आहे."

"आत्ता नाहीये," ऑरिन म्हणाला.

तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही. आत्ता लिहिताना आठवलं. काय म्हणायचं होतं त्याला?

गुरुवार, २४ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. दुकान बंद. मावसबहिणीने बोलावलं होतं, पण तिच्याकडे सतरा माणसं येतात आणि सगळे मला आईबद्दल विचारतात. सर्दी झालीय म्हणून सांगितलं. टर्कीची एक तंगडी आणली होती, ती भाजली. टेबलावर आईच्या बाजूला ताट ठेवलं गेलं, सवयीने. उचललं. अकरा वर्षं तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, तेव्हा वाटायचं एक दिवस मोकळा मिळावा. आता सगळेच मोकळे.

दुपारी चार वाजताच अंधारून आलं. भांडं एकच, तेही घासून ठेवलं. मग काय करायचं ते कळेना.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

"काय खाल्लंत गुरुवारी?" ऑरिनने आल्या आल्या विचारलं. गाडीचं नंतर.

तंगडीचं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्याकडे डब्यातलं सूप. ते पण गार." आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. वेंडेल त्याच्या खोलीतून मान वर करून बघायला लागला.

त्याने हरणाच्या मांसाच्या सुकवलेल्या पट्ट्या आणल्या होत्या, कागदात बांधून. स्वतः केलेल्या. बायको डोरीन गेल्याला चार वर्षं झाली. तिची एक घोडी आहे, पॉपी, एकोणीस वर्षांची. अजून रोज सकाळी कुंपणाशी येऊन घराच्या दाराकडे बघत उभी राहते म्हणाला. "मी बाहेर आलो की तिचं तोंड पडतं. घोड्यांचं पण तोंड पडतं, माहितीय?"

पस्तीस मिनिटं.

मंगळवार, १३ डिसेंबर

चांगली कॉफी विकत आणली, घरच्या पैशाने. मशीनचं ते काळं पाणी त्याला किती दिवस पाजायचं. वेंडेलने डबा बघितला. म्हणाला, "मंगळवारची कॉफी वेगळी दिसते. आणि ग्लेनिस, मंगळवारी लिपस्टिकही असते की काय?"

"ओठ फुटलेत थंडीने," म्हटलं.

कान गरम झाले होते. सत्तावन्न वर्षांची बाई मी.

मंगळवार, २० डिसेंबर

बर्फ. रस्ता बंद. आला नाही.

त्याच्या ऑर्डरवर त्याचा फोन नंबर आहे. तीनदा काढून बघितला. काय सांगणार फोन करून? गाडी आली नाही — हे सांगायला कुणी फोन करतं का?

गुरुवार, ५ जानेवारी

आज एक डिझेल आलं. म्हणजे गाडी नाही, कंपनीकडून एका गाडीचं वाटप आलं. सकाळी स्क्रीन उघडली आणि समोर — एक टनी, जोडचाकं, डिझेल, एक नग. तीन आठवड्यांत बांधायला घेणार. फक्त कुणाच्या नावावर ते टाकायचं. आठ महिन्यांनी एक.

ऑरिनचं नाव टाकायला घेतलं. तेवढ्यात वेंडेल आला. गॅरिटी मागे लागलाय म्हणाला. गॅरिटी रस्त्यांची कंत्राटं घेतो, त्याच्या आठ गाड्या आमच्याकडच्या. यादीत तो सहावा.

"मी यादी मोडा म्हणत नाही," वेंडेल म्हणाला. "पण पहिल्या माणसाला विचारून तर बघा. वसंतापर्यंत थांबायला त्याची हरकत नसेल तर प्रश्नच मिटला. नाही म्हणाला तर त्याची त्याला. तुम्ही विचारा. तुमचं ऐकेल तो."

एवढंच. त्याने मला काही करायला लावलं नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे मी स्वतःलाच वेगळं सांगेन.

फोन हातात घेतला. नंबर पाठच आहे. आणि मनात आलं — गाडी आली की तो किल्ली घेणार, सही करणार, हात मिळवणार, आणि मग मंगळवारी इथे यायचं त्याला कारण काय? तेल बदलायला, सहा महिन्यांनी एकदा. आणि तेही मागच्या बाजूला, वर्कशॉपमध्ये.

फोन ठेवला. दहा मिनिटं तशीच बसले. मग वेंडेलच्या दारात जाऊन सांगितलं, "विचारलं. चालेल म्हणतो. घाई नाही त्याला."

"देवमाणूस आहे," वेंडेल म्हणाला.

गॅरिटीचं नाव टाकलं. माझ्याच हाताने.

मंगळवार, १० जानेवारी

"आली का?"

"नाही आली."

बावीस वर्षांत हे वाक्य हजारो वेळा म्हटलं असेल. आज म्हणताना यादी पालथी करून ठेवली.

त्याला काही कळलं नाही. कॉफीचं कौतुक केलं. पन्नास मिनिटं बसला. आणि खरं सांगू का — मला छान वाटलं. फार छान वाटलं. त्याचंच वाईट वाटतंय.

मंगळवार, २४ जानेवारी

आज तो बसला नाही लगेच. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"ग्लेनिस, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. गावात कुणालाच सांगितलं नाही. जागा विकली मी. ऑक्टोबरातच. एक मार्चला नवे लोक येणार."

"मग तुम्ही?"

"ऑरेगनला. मुलगी आहे तिकडे, कॅरिन. तिच्याकडे घोड्यांना जागा आहे, माझ्यापुरतं एक खोपटंही आहे. एकट्याने आणखी एक हिवाळा काढायचा नाही असं ठरवलं. म्हणून तर ही डिझेल हवी होती. मधे चार घाट लागतात." मग बसला. "वाटलं होतं गाडी आली की सांगेन सगळ्यांना. गाडी येईना, मग सांगणंही राहून गेलं. तुम्हाला तरी सांगायला हवं होतं."

म्हणजे तो जाणारच होता. मे महिन्यापासून दर मंगळवारी तो मला विचारत होता — मी कधी जाऊ?

"जुन्या गाडीने जमेल का?" मी विचारलं.

"तिचा इंजिनब्रेक दोन वर्षांपूर्वीच गेलाय. बघू. अजून महिना आहे. काय सांगावं, तुमची गाडी येईलही."

तुमची गाडी म्हणाला.

बुधवार, २५ जानेवारी

स्क्रीन उघडून बघितली. गॅरिटीची गाडी अजून बांधायला घेतलेली नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत नाव बदलता येतं. दोन मिनिटांचं काम.

बदललं तर वेंडेलला सांगावं लागेल की मी खोटं बोलले. गॅरिटी तमाशा करेल. ते मी सोसेन. पण ऑरिनला कळेल. आणि गाडी घेऊन तो जाईल, मी कोण आहे ते कळल्यावर. नाही बदललं तर कदाचित तो एप्रिलपर्यंत कुठेतरी भाड्याने राहील. इथेच. गावात. मोटेलमध्ये महिन्याच्या भाड्याने खोल्या मिळतात.

हे मी खरंच लिहिलं. खोडणार नाही.

शुक्रवार, २७ जानेवारी

पाच वाजून गेले. बदललं नाही.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

आला. बावीस तारखेला निघतोय, जुन्या गाडीने. मोटेलचं सुचवून पाहिलं, हसला. "चार घोडी घेऊन मोटेलात?"

गेल्या तीन आठवड्यांत मी काय विचार करत होते? घोड्यांचा विचारच केला नाही.

"पेट्रोलची घ्या मग," मी म्हटलं. "आत्ता घ्या. समोर उभी आहे. जुनीपेक्षा तर बरी?"

"पाच टन घेऊन? तीन घाट उतरेल, चौथ्याला मला देवाघरी पोचवेल. जुनी निदान ओळखीची आहे. हळू नेईन."

मी आग्रह केला. जास्तच केला. तो माझ्याकडे जरा नवलाने बघायला लागला, मग मी कप उचलायला लागले.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

गॅरिटीची गाडी सकाळी ट्रकवरून उतरली. मागच्या आवारात लावा म्हणून सांगितलं होतं, पोरांनी पुढेच लावली. करडी, जोडचाकं, दारावर डिझेलची अक्षरं.

ऑरिन आत येण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारून आला.

"ही कुणाची?"

"गॅरिटीची."

"तो यादीत माझ्या आधी होता?"

किती साधा प्रश्न. आणि विचारताना आवाजात संशय नव्हता काही. "नाही" म्हणायला एक श्वास पुरला असता. अजूनही वेळ होती, किल्ल्या माझ्याच खणात होत्या.

"हो," मी म्हटलं.

"मग ठीक," तो म्हणाला. "नशीबवान माणूस."

कॉफी घेतली. फारसं बोलला नाही. जाताना हात पुढे केला, मग दुसरा हातही माझ्या हातावर ठेवला. "तुमच्या कॉफीवर हिवाळा निघाला माझा," म्हणाला. "ऑर्डर राहू द्या हं. आली की कॅरिनच्या पत्त्यावर कळवा. कधीतरी येईन न्यायला."

तो गेल्यावर बाथरूमच्या नळाखाली हात धरून उभी राहिले. वेंडेलने बाहेरून विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

सव्वादहाला फोन. बाईचा आवाज. "ऑरिन बॅकस्ट्रँडच्या नावाची डिझेल पिकअपची ऑर्डर तुमच्याकडे आहे ना? मी त्यांची मुलगी, कॅरिन. ती गाडी कधी येईल ते कळेल का? बाबांची जुनी गाडी गेली."

गेली म्हणजे काय, मी विचारलं. पुढे काय काय विचारलं ते आठवत नाही.

बूट नावाच्या शहराच्या अलीकडच्या घाटात. काल दुपारी. उतारावर बर्फ होता, तो हळूच चालवत होता, पण मागून ट्रेलर रेटायला लागला. ब्रेक तापून गेले, पायाखाली काही उरलं नाही. त्याने गाडी बर्फाच्या ढिगात घातली — मुद्दाम, दरीच्या उलट्या बाजूला. गळ्याचं हाड मोडलं आणि तीन बरगड्या. तो दवाखान्यात आहे, जिवाला धोका नाही. तीन घोडी खरचटून वाचली. जत्रेच्या मैदानावरच्या तबेल्यात ठेवलीत.

"आणि चौथी?"

"ती आईची होती," कॅरिन म्हणाली. "पाय मोडला. तिथेच रस्त्यावर... बाबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते म्हणे. गळ्याचं हाड मोडलेलं असताना."

गाडी कधी येईल ते सांगितलं नाही मी तिला. काय सांगणार होते. चौकशी करते म्हटलं.

सोमवार, २७ फेब्रुवारी

वेंडेलला सगळं सांगितलं. उभ्यानेच. मी ऑरिनला विचारलंच नव्हतं, तुम्हाला खोटं सांगितलं, गाडी त्याची होती.

तो बराच वेळ पेन फिरवत राहिला. मग म्हणाला, "गॅरिटी खूश आहे. गाडी गेली, विषय संपला. कुणाला बोलू नका. अपघात काय, कुणालाही होतो."

ओरडला असता तर बरं झालं असतं. नोकरीवरून काढलं असतं तरी चाललं असतं. मी टेबलाशी परत येऊन बसले आणि फोन वाजला — "डिझेल आहे का?"

मंगळवार, २८ फेब्रुवारी

खुर्ची भिंतीला लावून ठेवली. संध्याकाळी परत जागेवर आणली.

गुरुवार, ९ मार्च

सहा राज्यांतल्या दुकानांची यादी केलीय. जेवणाच्या सुट्टीत फोन करते, आणि पाचनंतर. आज चौदा. पेट्रोल आहे, पेट्रोल आहे, पेट्रोल किती हवंय बाई. नेब्रास्कातला एक जण म्हणाला, "डिझेल असती तर मी स्वतः नसती का चालवली?" वायोमिंगमध्ये एक होती, सकाळीच गेली.

ऑरिनला पत्र लिहायला बसले दोनदा. पहिल्यात माझी बाजू फार होती. दुसऱ्यात रडणं फार होतं. दोन्ही फाडली. हे पत्रात सांगायचं नाही. तोंडावर सांगायचं.

शुक्रवार, २४ मार्च

मिळाली!

नॉर्थ डकोटात, कधी नाव न ऐकलेल्या गावात. एका म्हाताऱ्या जोडप्याने ऑर्डर रद्द केली — नवऱ्याची नजर गेली, आता फिरणार कुठे. निळी. जोडचाकं. डिझेल. तिथला माणूस म्हणाला, बदल्यात काय देता? वेंडेलकडे गेले. "तीन पेट्रोलच्या द्या," म्हटलं. तो म्हणाला, एकीला तीन? मी तिथून हललेच नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मग काचेतून त्या पांढऱ्या रांगेकडे बघितलं.

"न्या," म्हणाला. "आणि ग्लेनिस, यापुढे यादी माझ्याकडे राहील."

बरोबर आहे त्याचं.

गुरुवार, ६ एप्रिल, बूट

बसस्टँडजवळच्या मोटेलमधून लिहितेय. पहाटे निघाले, साडेपाच तास मी एकटीने निळी गाडी चालवली. बावीस वर्षं या गाड्या विकतेय, इतकी लांब एकही नेली नव्हती. त्या घाटात उतारावर इंजिनने गाडी मागे धरली, ब्रेकला पाय लावावा लागला नाही. मला पुढचं दिसेना, बाजूला घेऊन थांबावं लागलं.

ऑरिन जत्रेच्या मैदानावरच्या त्याच तबेल्यात होता. डावा हात गळ्यात बांधलेला, उजव्याने गवत टाकत होता. बारीक झालाय. मला बघून चेहरा इतका उजळला की मी तिथूनच परत फिरावं असं वाटलं.

"तुम्ही? गाडी घेऊन तुम्ही आलात?"

मी म्हटलं, आधी ऐकून घ्या. आणि सांगितलं. पाच जानेवारी. फोन उचलला, ठेवला. वेंडेलला काय सांगितलं. सत्तावीसची संध्याकाळ. एकवीसला तुम्ही विचारलंत तेव्हा मी काय म्हटलं.

गवत हातात तसंच राहिलं त्याच्या. घोडं मान लांब करून ओढायला लागलं, तरी त्याने सोडलं नाही.

"वेंडेलने करायला लावलं?"

"नाही. मीच."

"का?"

वाटभर पाठ केलेलं सगळं गेलं. "गाडी मिळाली की तुम्ही मंगळवारी आला नसता," म्हटलं.

तो खाली बसला, गवताच्या गठ्ठ्यावर. बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू करायचा प्रयत्न करत होतं, होत नव्हता. मला वाटलं आता जा म्हणेल. मी वाट बघत होते त्याची, खरं तर.

"युरियाचं झाकण कुठल्या बाजूला असतं?" त्याने विचारलं.

मला कळेना. मग कळलं, निळ्या गाडीचं विचारतोय. मी त्याला बाहेर नेऊन गाडी दाखवली. युरिया इथे भरायचं, डिझेल इथे. इंजिनब्रेकचं बटण हे. ट्रेलरचं वजन इथे टाकायचं. थंडीत रात्री ही वायर लावायची. तो एक एक विचारत होता, माझ्याकडे न बघता, आणि मी सांगत होते, गिऱ्हाइकाला सांगतात तसं. अर्धा तास. उजव्या हाताने कागदांवर सह्या केल्या. डॉक्टर पुढच्या आठवड्यात गाडी चालवायला परवानगी देणार म्हणाला.

कागदांच्या पाकिटावर दुकानाचा नंबर छापलेला असतो. त्याखाली मी घरचा लिहिला. काही अडलं तर, म्हटलं.

"पॉपीला शेवटपर्यंत कळत नव्हतं मी तिला का उठवत नाहीये," तो म्हणाला. एवढंच. मग तबेल्यात गेला.

मी त्याच्यामागे गेले नाही. तीन मैल चालत इथे आले.

शुक्रवार, ७ एप्रिल

बसमध्ये दिवस गेला. शेजारी कुणी नव्हतं.

मंगळवार, ११ एप्रिल

आज नऊ जणांनी डिझेल विचारलं. त्यांना आता वेंडेलकडे पाठवते.

बुधवार, १९ एप्रिल

घरी सात वाजता फोन. ऑरिन. पोचला. चारही घाट नीट उतरला. गाडीत पिवळा दिवा लागलाय म्हणाला, कसला?

"कसा दिसतो?"

"घोड्याच्या नालासारखा. मधे उद्गारचिन्ह."

चाकातली हवा, मी सांगितलं. थंडीने हवा कमी झाली की लागतो. मागच्या आतल्या चाकांची हवा बघा, ती कुणी बघत नाही.

"बरं. आभारी आहे." ठेवला.

दीड मिनिट. गिऱ्हाईक बोलतं तसा बोलला. तेवढंच मिळायला हवं मला, त्याहून जास्त नाही. तरी फोनपाशी बराच वेळ उभी राहिले.

रविवार, २३ एप्रिल

पुन्हा फोन. "दिवाबिवा काही लागलेला नाही," तो म्हणाला, "आधीच सांगून टाकतो." मग थांबला. मागे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या. "तुझं जेवण झालं का?"

नाही अजून, म्हटलं. आणि खुर्ची ओढून बसले.